गावात आलेलं जागतिकीकरण कसं मोजायचं: खानदेशातल्या एका गावापुरती रीत

‘जागतिकीकरणाचे आर्थिक आणि सांस्कृतिक परिणाम’ हा विषय प्रकल्पाला घेतला की बहुतेक वह्या १९९१ च्या धोरणापासून सुरू होतात आणि फायदे-तोट्यांच्या यादीवर संपतात. गाव त्यात कुठेच येत नाही. खरं तर खानदेशातल्या गावात हा विषय हाताने चाचपता येतो: कापसाच्या काट्यावर, केळीच्या खोक्यात, किराणा दुकानाच्या फळीवर आणि घरातल्या बोलण्यात. चारही ठिकाणचं माप वेगळं आहे आणि चारही ठिकाणची उत्तरं एका दिशेला जात नाहीत. खालची रीत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि शेतकरी गटांना एका गावापुरती वापरता येईल. चार-पाच जण असतील तर दीड महिना पुरतो.

आधी काळ आणि घरं ठरवा

१९९१ हे साल धोरणाचं आहे, गावाचं नाही. त्याचा परिणाम शिवारात उतरायला वेळ लागला. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, १ जानेवारी २००५ ला कापड व्यापारातली जुनी कोटापद्धत संपली आणि २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट खेड्यात शिरलं. म्हणून तुलनेसाठी तीन थांबे घ्या: १९९५ च्या आसपास, २००६ च्या आसपास आणि चालू साल.

माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. ‘१९९५ ला काय पेरायचे?’ असं विचारलं की अंदाजपंचे उत्तर येतं. त्याऐवजी सुरतच्या प्लेगचं साल विचारा (सप्टेंबर १९९४), नंदुरबार जिल्हा वेगळा झाला ते साल (जुलै १९९८), सुरतच्या पुराचं साल (ऑगस्ट २००६), नोटाबंदी (नोव्हेंबर २०१६) आणि लॉकडाऊन (मार्च २०२०). खानदेशातल्या जवळपास प्रत्येक गावाचं कोणी ना कोणी सुरतेत आहे, त्यामुळे प्लेग आणि पूर ही दोन सालं घराघरात पक्की असतात. त्यांच्या आगेमागे बाकीच्या गोष्टी बसवता येतात.

घरं ४० पुरेत: १० बागायतदार, १० कोरडवाहू, १० शेतमजूर किंवा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी) आणि १० अशी, ज्यांचं कोणी सुरत, नाशिक किंवा पुण्याला कमावतं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव असेल तर भिल्ल, पावरा वस्तीतली घरं त्यात हवीतच. इथे सर्वात मोठी चूक होते. पाडा गावठाणापासून दूर असतो, म्हणून तो राहून जातो. शिवाय ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर निघतात ती होळीच्या सुमाराला परततात. जानेवारीत पाहणी केली तर ज्यांच्यावर परिणाम सर्वात जास्त, तीच घरं कुलूपबंद सापडतील. पाहणी होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) या काळात ठेवा.

जाताना वही उघडून समोर बसू नका. नाना, आबा, जिभाऊ, माय, अक्का असं त्या घराच्या रीतीने हाक मारून आधी जुने कागद मागा: कापसाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), खताच्या पावत्या, लग्नपत्रिका. आठवणीपेक्षा कागद खरा बोलतो, आणि कागद हातात आला की आठवणही नेमकी होते.

कापूस: न्यूयॉर्कचा सेंट आपल्या क्विंटलवर कसा आणायचा

यावर सर्वात जास्त वेळ द्या, कारण इथे हिशेब अगदी पैशापर्यंत लागतो.

जगात रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात एका पौंडाला इतके सेंट असा ठरतो. आपल्याकडे रुई खंडीने विकली जाते आणि शेतकरी कापूस क्विंटलने विकतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, पौंडात ७८४. म्हणून सूत्र सोपं आहे: सेंटला ७.८४ ने गुणा, खंडीचे डॉलर मिळतात. त्याला डॉलरच्या रुपयातल्या दराने गुणा, खंडीचे रुपये मिळतात.

खालचे आकडे रीत समजावी म्हणून घेतले आहेत, त्यांच्या जागी त्या दिवसाचे घाला. वायदा ६८ सेंट आणि डॉलर ८६ रुपये धरला तर ६८ × ७.८४ × ८६ म्हणजे खंडीला साधारण ४५,८५० रुपये. ३५६ ने भागलं की किलोला १२८ रुपये ८० पैसे. आता एक क्विंटल कापसातून रुई निघते ३३ ते ३६ किलो, सरकी ६२ ते ६५ किलो आणि बाकीची घट. रुईचा उतारा ३४ धरा, सरकी ६३ किलो आणि सरकीचा भाव किलोला ३४ रुपये. रुईचे ४,३७९ आणि सरकीचे २,१४२ मिळून ६,५२१ रुपये. त्यातून जिनिंग, प्रेसिंग, वाहतूक आणि गिरणीवाल्याचा नफा म्हणून ४०० वजा करा. उरले ६,१२१. आपला कापूस परदेशी विकायचा झाला तर साधारण इतकाच भाव परवडतो. हा झाला खालचा काठ.

वरचा काठ काढायला उलट विचार करा: सूतगिरणीने परदेशातून रुई आणली तर तिला कितीला पडेल? भाडं आणि विमा म्हणून ८ सेंट वाढवा. ७६ × ७.८४ × ८६ म्हणजे ५१,२४२ रुपये खंडी. त्यावर ११ टक्के आयातशुल्क लावलं की ५६,८७९. याच रीतीने क्विंटलपर्यंत आणलं तर ७,१७४ रुपये होतात. शुल्क काढून टाकलं तर तोच आकडा ६,६३६ वर येतो. म्हणजे दिल्लीत निघालेल्या एका अधिसूचनेची किंमत बोदवड किंवा दोंडाईच्याच्या काट्यावर क्विंटलमागे सुमारे ५४० रुपये आहे. कापसावर हे ११ टक्के शुल्क फेब्रुवारी २०२१ मध्ये लागलं. २०२२ मध्ये एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ते माफ होतं, आणि १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात पुन्हा माफ झालं, म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. त्याच ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेने भारतीय कापडावर आणि तयार कपड्यांवर ५० टक्क्यांचा बोजा टाकला. गिरण्यांची मागणी आणि रुईची आवक, दोन्ही एकाच महिन्यात हलली.

गावातला प्रत्यक्ष भाव या दोन काठांच्या मध्ये कुठे बसतो ते दर आठवड्याला लिहा. वरच्या काठाला चिकटला असेल तर देशात माल कमी आहे, खालच्या काठाला असेल तर माल जास्त आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. उदाहरणातल्या वरच्या काठापेक्षाही तो वर आहे. असं झालं की व्यापारी मागे सरकतो आणि सगळा माल सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर लोटतो. केंद्रासमोरच्या रांगेचं कारण या दोन आकड्यांतल्या फरकात सापडतं.

हिशेब कुठे चुकतो तेही सांगून ठेवतो. रुईचा भाव थेट कापसाशी लावणं ही नेहमीची चूक. सरकी विसरणं ही दुसरी; वरच्या हिशेबात जवळपास तिसरा हिस्सा सरकीचा आहे, आणि तिचा भाव तेल आणि ढेपेवर, म्हणजे दुधाच्या धंद्यावरही चालतो. तिसरी चूक ओलाव्याची. सीसीआय ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापते आणि १२ टक्क्यांच्या वर घेत नाही. पहिल्या वेच्याचा ओला माल आणि डिसेंबरचा कोरडा माल एकाच ओळीत लिहिला तर भाव पडल्याचा किंवा चढल्याचा भास होतो. उतारा पहिल्या वेच्यात आणि फरदडीत (हंगामानंतर ठेवलेल्या पिकाच्या कापसात) सारखा नसतो, तोही जिनवाल्याला विचारून दुरुस्त करा. खेडा खरेदीचा (व्यापारी गावात येऊन देतो तो) भाव, बाजार समितीचा भाव आणि सीसीआयचा भाव यांचे रकाने वेगळे ठेवा, आणि खेडा खरेदीत कडता (वजनातली कपात) किती धरला ते लिहाच.

वही पूर्ण झाली की एक पान एकोणिसाव्या शतकासाठी ठेवा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेशातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. म्हणजे परदेशी भावाचा झोका खानदेशाने १९९१ च्या सव्वाशे वर्षं आधी घेतला होता. हे पान नसलं तर वाचणाऱ्याला सगळं कालपरवाचं वाटतं.

केळी: एका बागेचे दोन भाव

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातलं गाव असेल तर एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या मागा: निर्यातीच्या मालाची आणि साध्या ट्रकमधून गेलेल्या मालाची. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण परदेशी जाणारा माल बहुतेक टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनचा असतो. बसराई, श्रीमंती ही जुनी वाणं गावात किती एकरांवर उरली ते नोंदवा. परिणामाचं हेही एक माप आहे. एका वाणावर सगळी बाग उभी राहिली की सीएमव्हीसारखा (कुकुंबर मोझॅक) विषाणू आला तेव्हा नुकसान सरसकट होतं.

निर्यातीचं खोकं साधारण १३ ते १३.५ किलोचं असतं आणि वातानुकूलित कंटेनरमध्ये सुमारे २० टन माल बसतो. तापमान १३ ते १४ अंश लागतं. त्याखाली गेलं की साल आतून काळवंडते, आणि हे आखाती बंदरात माल पिकायला लावल्यावरच दिसतं. तिथून ‘क्लेम’ (नुकसानीचा दावा) येतो आणि कापलेले पैसे कोणाच्या खिशातून जातात, ते करारात आधीच लिहिलेलं आहे का ते पाहा. गावातल्या नुकसानीची मोठी कारणं मात्र साधी आहेत: कापणीत घड आपटणं, चिकाचे डाग धुवायला उशीर, घडावर आठ-नऊपेक्षा जास्त फण्या ठेवल्याने खालच्या फण्या बारीक राहणं, आणि घडावरची स्कर्टिंग बॅग (संरक्षक पिशवी) उशिरा घातल्याने सालीवर ओरखडे.

तुलना करताना निर्यातीचा भाव आणि बोर्डाचा (बाजारात रोज जाहीर होणारा) भाव शेजारी ठेवून थांबू नका. सरासरी काढा. समजा ७० टक्के माल २० रुपयांनी गेला आणि नाकारलेला ३० टक्के १० रुपयांनी, तर हाती १७ आले. त्यातून फ्लोरेट (फळाच्या टोकाची सुकी फुलं) काढणं, बॅगा, फवारणी यांचा किलोमागचा खर्च वजा करा. सगळी बाग साध्या ट्रकला १३ ने गेली असती तर खरा फरक किती, ते तेव्हा कळतं. नाकारलेला माल ३० चा ५० टक्के झाला की सरासरी १५ वर येते आणि कष्ट पाण्यात जातात. नवती (नवी लागवड) आणि पिलबाग (खोडव्याची बाग) यांचे आकडे वेगळे ठेवा, मृगबाग (पावसाळी लागवड) आणि कांदेबागही (पावसाळ्यानंतरची).

आखाती देशांत केळीची मागणी रमजानमध्ये वाढते, आणि रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. टिश्यू कल्चरचं पीक लागवडीनंतर साधारण ११-१२ महिन्यांनी कापणीला येतं. कोणता शेतकरी लागवडीची तारीख ठरवताना हे गणित करतो, ते विचारा. शेताचं पंचांग कसं बदलतं याचा यापेक्षा नेमका पुरावा मिळणं कठीण.

खर्चाच्या बाजूलाही जग आहे. केळीला झाडामागे २०० ग्रॅम पालाशाची (पोटॅशची) शिफारस आहे. पाच बाय पाच फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची साधारण साडेअकरा पोती. ठिबकमधून दिलं तर मात्रा कमी लागते, पण पोटॅश देशात जवळपास पूर्णपणे बाहेरूनच येतं. पोत्यामागे १०० रुपये वाढले की एकरी सुमारे १,१६० रुपयांचा फटका, निर्यात करणाऱ्यालाही आणि न करणाऱ्यालाही.

सालदाराची बोली

मजुरीचं माप रुपयात घेऊ नका, महागाई त्यात सगळं झाकून टाकते. खानदेशात सालदार आखाजीला ठरतो. तीन थांब्यांवर सालदाराचं वर्षाचं ठरलेलं मोल विचारा आणि त्या साली त्यात किती क्विंटल दादर (रब्बी ज्वारी) आली असती ते काढा. सोबत गावात एकूण सालदार किती होते तेही. मोल वाढलेलं आणि सालदार कमी झालेले दिसतील, तर ती माणसं गेली कुठे हा पुढचा प्रश्न: सुरतेच्या लूमवर, एमआयडीसीत, की ट्रॅक्टर आल्याने कामच संपलं? ट्रॅक्टरने गेलेलं काम वेगळं लिहा.

किराणा दुकानाची फळी

हे एका दुपारचं काम आहे. दुकानदाराच्या परवानगीने २५ रोजच्या वस्तू निवडा आणि माल कुठून आला ते पाकिटावर, पोत्यावर किंवा ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर पाहा. जळगाव डाळ मिलचं गाव आहे, तरी तूर मोझांबिक किंवा म्यानमारची असू शकते. पाकिटावर मात्र जळगावचाच पत्ता दिसेल. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं असतं. शेंगदाण्याचं तेल घाण्यावरून कोणी कधीपर्यंत आणत होतं, हे दुकानदारालाच विचारा.

बोली: इथे घाई नको

सांस्कृतिक बाजू मोजताना कपडे आणि वडापाव-पिझ्झा मोजत बसू नका. ते दिसतं लवकर, सांगतं कमी. खानदेशात पहिलं माप बोलीचं: अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, गुजरी, भिलोरी, पावरी, जी त्या गावाची असेल ती.

जनगणनेत खानदेशी म्हणून नोंदलेले लोक २००१ मध्ये २०,७५,२५८ होते, २०११ मध्ये १८,६०,२३६. लोकसंख्या वाढत असताना आकडा घटला. पण तो तसाच उचलून ‘बोली मरते आहे’ असं लिहू नका. जनगणनेत माणूस स्वतः जे सांगतो ते लिहिलं जातं, आणि घरात अहिराणी बोलणारे कितीतरी लोक बाहेरच्या माणसाला ‘मराठी’ सांगतात. याच कारणाने तुमच्या वहीतही चूक होईल. प्रश्न प्रमाण मराठीत विचारला की उत्तर प्रमाण मराठीत येतं. प्रश्न विचारणारा तीच बोली बोलणारा असावा.

‘तुम्ही कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न टाळा. त्याऐवजी जोड्या लिहा: आजी सुनेशी काय बोलते, सून नवऱ्याशी, आई लेकराशी, लेकरं आपसात. तुटलेला सांधा बहुतेक वेळा आई आणि लेकरू यांच्यामध्ये सापडतो: तीच बाई सासूशी ‘काय करी ऱ्हायनात’ म्हणते आणि वळून पोराला ‘बाळा, होमवर्क झाला का’ विचारते. पोराला शाळेत हसतील ही भीती त्यामागे असते. ती तिच्याच शब्दांत लिहून घ्या, तिला दोष देऊ नका.

मग शब्दांची चाचणी. ३० शब्द निवडा. अर्धे नात्यांचे आणि रोजच्या व्यवहाराचे, जसे आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी); अर्धे अवजारांचे, जसे तिफण, चाडं, वखर, मोट. आजोबा, मुलगा, नातू तिघांना विचारा. मोट गेली म्हणून शब्द गेला हे एक, आणि आंडोर घरात असूनही शब्द गेला हे दुसरं. दोन्हींची बेरीज करू नका.

उलट दिशेचा पुरावाही तितक्याच मनापासून शोधा. एका हळदीत वाजलेल्या पहिल्या २० गाण्यांची यादी करा. त्यात अहिराणी गाणी चांगली निघतात, कारण मोबाइल आणि यूट्यूबने अहिराणीला तिचा स्वतःचा श्रोता मिळवून दिला. सुरतेतला खानदेशी माणूस तीच गाणी ऐकतो. ज्या पोराला आई बोली शिकवत नाही तो गाणं मात्र पाठ म्हणतो. हे दोन्ही एकाच घरात लिहिलं गेलं पाहिजे.

ताट आणि सण

‘तुम्ही काय खाता?’ विचारलं तर लोक कळण्याची भाकरी आणि भरीत सांगतील, कारण ते सांगायला अभिमानाचं आहे. ‘काल रात्री काय जेवलात?’ विचारा. खापरावरचे मांडे करता येणाऱ्या बायका गावात किती आणि त्यांतली सर्वात लहान किती वर्षांची, ते मोजा. बिबडे (ज्वारीचे पापड) किंवा मांडे करून विकणारा बचतगट असेल तर त्यांची ऑर्डर कुठल्या गावांतून येते ते नोंदवा. घरात कमी होणारी गोष्ट बाजारात वाढताना दिसेल.

कानबाईला (खानदेशच्या देवीच्या सणाला) श्रावणात किती घरं उघडली, हे स्थलांतराचं चांगलं माप आहे. वर्षभर बंद असलेलं घर रोटासाठी (कानबाईच्या नैवेद्यासाठी) उघडतं का, की भाऊबंदांनी रोट सुरतेतच करायला सुरुवात केली, ते विचारा. पाहणी उन्हाळ्यात असल्याने हे आठवणीवर घ्यावं लागतं. शक्य झालं तर श्रावणात एक रविवार परत जा.

प्रत्येक बदलाला तीन प्रश्न

सगळा बदल जागतिकीकरणाच्या खात्यावर टाकला की वही निकामी होते. प्रत्येक नोंदीला विचारा: माल, पैसा, माणूस किंवा चित्र यांतलं काही देशाची सीमा ओलांडून आलं का? बदल आधीपासून सुरू होता का? रस्ता, वीज, शाळा यांनीही तो झाला असता का? मोट गेली ती विजेच्या मोटारीने. शाळेत अहिराणीला हसणं १९९१ च्या कितीतरी आधीचं आहे. पोटॅशचा भाव, आयातशुल्काचे ५४० रुपये, आखाती कंटेनर हे मात्र थेट त्याच खात्यात जातात. जिथे ठरवता येत नाही तिथे ‘मिश्र’ लिहा. चांगल्या वहीत हा रकाना बराच भरलेला असतो.

नावं, जात आणि कर्जाचे आकडे घराच्या ओळखीसह कुठेही लिहू नका. घराला क्रमांक द्या. लिहून झाल्यावर ज्या घरांनी कागद दिले त्यांना वाचून दाखवा, विशेषतः कापसाचं पान. शेतकरी उताऱ्याचा आणि कडत्याचा आकडा तिथल्या तिथे दुरुस्त करतो. दुरुस्त केलेलं सूत्र मोठ्या अक्षरांत सोसायटीच्या भिंतीवर लावा आणि शेजारी तीन जागा कोऱ्या सोडा: सेंट, डॉलर, सरकी. पहिल्या वेच्यापासून दर सोमवारी कोणीतरी त्या भराव्या लागतील; ते कोण, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या.